डॅशबोर्डवरचं बंद घड्याळ आणि मीटरचे मंद दिवे

टिकटिक
जुन्या गाडीचं घड्याळ बंद असलं की लोक एकतर ते तसंच राहू देतात, नाहीतर आतलं यंत्र काढून क्वार्ट्झ बसवतात. दोन्हींत घाई होते. यातली बरीच घड्याळं मोडलेली नसतातच. त्यांचे पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे धातूचे टोक) जळलेले असतात, नाहीतर तेल सुकून गोंद झालेलं असतं.

आधी प्रकार ओळखा. घड्याळ बाहेर काढून टेबलावर १२ व्होल्टला जोडा आणि कान द्या. दर एक ते तीन मिनिटांनी जोरात 'टक्' आवाज आला आणि मधल्या वेळात बारीक टिकटिक चालू राहिली, तर ते स्वतःची चावी स्वतः भरणारं घड्याळ. अमेरिकन गाड्यांतली बोर्ग आणि वेस्टक्लॉक्स, जर्मन गाड्यांतली किन्झले यांत हा प्रकार भरपूर. मोठा 'टक्' येत नाही पण बॅलन्स व्हील (पुढेमागे झुलणारं चाक) सतत डोलतंय, तर प्रत्येक हेलकाव्याला विजेचा छोटा धक्का घेणारा प्रकार. ब्रिटिश गाड्यांतली स्मिथ्सची बरीच घड्याळं अशी. आणि सेकंदासेकंदाला एकसारखा ठोका असेल तर क्वार्ट्झ.

पहिल्या प्रकाराचं मर्म समजलं की निम्मी दुरुस्ती झाली. आत एक छोटी स्प्रिंग असते, ती मिनिट-दोन मिनिटं घड्याळ चालवते. ती उतरत आली की दोन पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमधून करंट जातो, आर्मेचर (कॉइलच्या जोराने हलणारा लोखंडी भाग) झटक्याने मागे फेकलं जातं, स्प्रिंग पुन्हा भरते आणि त्याच झटक्यात पॉइंट सुटतात. म्हणजे कॉइलमध्ये करंट डोळ्याची पापणी लवेपर्यंतच असायला हवा. आता बॅटरी उतरलेली आहे असं धरा. कॉइलला आर्मेचर फेकण्याइतका जोर येत नाही, पॉइंट टेकलेलेच राहतात आणि करंट वाहतच राहतो. कॉइल तापते. नशीब असेल तर आतला फ्यूजसारखा डाख वितळून सुटतो, नसेल तर कॉइलच जळते. पॉइंटवर काजळी साचली असेल तर बॅटरी चांगली असूनही हेच होतं, कारण व्होल्टेज पॉइंटवरच खर्ची पडतं.

मल्टिमीटर कॉइलच्या दोन टोकांना लावा. काही ओहम दाखवले तर कॉइल जिवंत. अनंत दाखवलं तर लगेच कॉइल गेली म्हणू नका, आधी तो डाख बघा.

पितळी_चाक
वाचतोय. उघडण्याबद्दल थोडी भर.

स्मिथ्सच्या बहुतेक मीटरांचं पुढचं कडं फिरवून निघतं. कड्याला आतून तीन कान असतात, केसच्या काठावर तीन खाचा. कान खाचेसमोर आले की कडं उचलून येतं. अडचण फक्त जुन्या रबर सीलची, ते चिकटून बसतं. हेअर ड्रायरने कडं कोमट करा आणि दोन्ही तळव्यांनी दाबून फिरवा. पकड लावली की कडं लंबगोल झालंच म्हणून समजा.

व्हीडीओ (VDO) आणि किन्झले या जर्मन कंपन्यांचं कडं मागून दुमडलेलं असतं. पातळ, बोथट पात्याने एकेक सेंटिमीटर करत, तीन-चार फेऱ्यांत उचलायचं. एका दमात उचललं तर पत्र्याला सुरकुती पडते आणि ती पुन्हा बसत नाही. क्रोम केलेलं कडं तर दोनदा उघडण्याइतकं सोसत नाही, तेव्हा एकदा उघडलं की आतली सगळी कामं उरकूनच बंद करा.

काटे काढताना तबकडीवर प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवा, त्याला काट्यापुरती चीर द्या आणि दोन बाजूंनी एकदम उचला. तबकडीवरच्या अक्षरांना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका. धुरळा ब्लोअरने उडवा, फार तर मऊ ब्रश. छापील आकडे अल्कोहोलच्या एका बोळ्यात निघून येतात.

टिकटिक
हो, तबकडीचं बरं झालं सांगितलंत. आता पॉइंट.

पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेंगूळ दिसेल. हजार नंबरच्या पॉलिश पेपरची ३-४ मिमी रुंद पट्टी पॉइंटच्या मध्ये धरा, बोटाने पॉइंट हलकेच मिटवा आणि पट्टी ओढा. चार वेळा एका बाजूसाठी, चार वेळा पट्टी उलटून. टेंगूळ गेलं की थांबायचं. खड्डा पूर्ण जाईपर्यंत घासलं तर वरचा मुलामाच निघून जातो. मग अल्कोहोलमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी तशीच ओढा. ती स्वच्छ बाहेर येईपर्यंत दोन-तीन पट्ट्या लागतात. पॉइंटवर तेल किंवा फवाऱ्याचं ग्रीस कधीही नाही, ठिणगीने त्याचीच काजळी होते.

नंतर हाताने आर्मेचर मागे ढकलून सोडा. घड्याळ मिनिट-दोन मिनिटं चाललं तर यंत्र चांगलं आहे, दोष विजेचा. दहा सेकंदांत थांबलं तर तेल सुकलंय.

जुनाट_गिअर
किन्झलेचा तो डाख सुटलेला असेल तर साधं सोल्डर मारून चालतं का? बरेच जण तसंच करतात.

ओहमकार
घड्याळ चालतं, पण संरक्षण जातं. साधं ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतं, शिसं नसलेलं तर २१७ च्याही वर. तो जोड सुटेपर्यंत कॉइलचं एनॅमल जळून वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतील. तिथे कथील-बिस्मथचं सोल्डर वापरा, ४२ टक्के कथील आणि ५८ टक्के बिस्मथ. ते १३८ अंशांना वितळतं. मात्र जुनं सोल्डर विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने) पूर्ण काढून घ्यायचं, कारण शिसं त्यात मिसळलं तर मिश्रणाचा वितळणांक आणखी खाली येतो आणि जोड कडक उन्हात तापलेल्या डॅशबोर्डमध्येही कच्चा राहतो. जोडाची पट्टी स्प्रिंगसारखी ताणलेली असते. डाख थंड होईस्तोवर ती चिमट्याने दाबून धरा आणि सोडल्यावर ती उडून वर येण्याच्या बेतात आहे ना ते बघा. ताण नसेल तर वितळूनही सर्किट तुटणार नाही.

आणि पॉइंट साफ केले की कॉइलवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकाच. पॉइंट सुटताना कॉइल जी उलटी उसळी देते, तिचीच ठिणगी पॉइंट खाते. १एन४००७ पुरे. पट्टी असलेलं टोक कॉइलच्या धन बाजूला. पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या) गाडीत घड्याळाची बॉडीच धन असते, तिथे पट्टी बॉडीकडे. याच ठिकाणी गफलत होते: डायोड उलटा बसला की तो सरळ शॉर्ट आणि पहिल्याच झटक्याला पॉइंट वेल्ड. खात्री नसेल तर दोन्ही दिशांना चालणारा, उसळी दाबणारा पी६केई३३सीए लावा, त्याला दिशाच नाही.

जॅग्वार ई-टाइपची ३.८ लिटरची गाडी पॉझिटिव्ह अर्थ होती, १९६४ मध्ये आलेली ४.२ निगेटिव्ह. एमजीबीचा बदल १९६७ च्या सुमाराचा. पण मधल्या वर्षांत कुणी वायरिंग उलटवलं असेल तर पुस्तक काहीही म्हणो, बॅटरीची कुठली केबल बॉडीला बोल्ट केलीय ते डोळ्याने बघा. ट्रान्झिस्टरवालं घड्याळ उलटं जोडलं तर दुसरी संधी मिळत नाही.

टेबलावर तपासताना पॉवर सप्लायची करंट लिमिट फार खाली ठेवू नका. झटक्याच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, आर्मेचर अर्धवट हलतं आणि चांगल्या घड्याळावर आळ येतो. बॅटरी आणि फ्यूज हीच खरी परीक्षा.

मंद_दिवा
तेलाचं काय? बरेच जण फवारा मारून मोकळे होतात.

पितळी_चाक
फवारा मारला की घड्याळ दोन आठवडे झकास चालतं आणि मग कायमचं बसतं. तो पातळ थर सगळीकडे पसरतो, हेअरस्प्रिंगची (बॅलन्स व्हीलच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकदम तासाला दहा-वीस मिनिटं पुढे धावायला लागतं. असं धावणारं घड्याळ दिसलं की समजा, स्प्रिंग एकतर तेलकट आहे नाहीतर चुंबकली आहे.

योग्य रीत अशी. कॉइल आणि तबकडी बाजूला काढून बाकी यंत्र लायटर फ्लुइडमध्ये किंवा घड्याळाच्या क्लीनरमध्ये धुवायचं, पूर्ण वाळू द्यायचं. मग बॅलन्सच्या टोकांना मोबियस ९०१० हे पातळ घड्याळतेल, चाकांच्या आसांना त्याच कंपनीचं जाडसर डी५. थेंब म्हणजे सुईच्या टोकावर राहील एवढाच. आसाभोवतीची वाटी निम्मी भरली की पुरे. चाकांच्या दातांना तेल नाही. हेअरस्प्रिंगला तर नाहीच नाही.

अल्ट्रासॉनिकमध्ये अख्खं घड्याळ बुडवणाऱ्यांनी कॉइलवरचा कागद आणि वॉर्निश आधी आठवावं.

टिकटिक
वेळ जुळवण्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. पन्नास-साठच्या दशकातल्या काही अमेरिकन घड्याळांत वेगाचं स्वयंनियंत्रण असतं. काटे पुढे फिरवले की घड्याळ स्वतःला थोडं जलद करतं, मागे फिरवले की थोडं सावकाश. त्यामुळे बॅटरी काढून लावल्यावर सहा तास पुढे गरागरा फिरवलं तर घड्याळ बिनसतं आणि माणूस म्हणतो रिपेअर फसलं. शक्य असेल तर बरोबर वेळ येईपर्यंत थांबून तेव्हाच बॅटरी जोडा. नंतर रोज ठराविक वेळी चार-पाच मिनिटांचीच दुरुस्ती करत गेलं की आठवडाभरात ताळ्यावर येतं. इतर घड्याळांना मागे छोटी दांडी असते, 'एफ' म्हणजे जलद, 'एस' म्हणजे सावकाश. ती केसाएवढी हलवायची आणि पुढे २४ तास हात लावायचा नाही. चाचणी गाडीत ज्या कोनात बसतं त्याच कोनात. आडवं ठेवून जुळवलेलं घड्याळ उभं केलं की चाल बदलते.

क्वार्ट्झमध्ये हे काही नसतं. तिथे बहुधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वाळलेला असतो. वरची किंमत वाचा, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा पण २५ किंवा ३५ व्होल्टचा, १०५ अंशांवाला घाला.

मंद_दिवा
घड्याळाचं कळलं. दिव्यांचं बोला आता. रात्री स्पीडोमीटर दिसतच नाही, एलईडी घातला की झालं का?

गंजलेला_बोल्ट
थांबा. एलईडीच्या आधी मल्टिमीटर.

तंतूच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो. म्हणजे १३.५ च्या जागी १२ व्होल्ट पोचले तर प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. दीड व्होल्ट हरवायला जुन्या गाडीत काही विशेष लागत नाही: एक गंजलेला नट, एक काळवंडलेला स्विच, एक करपलेला डिमर. म्हणून दिवे लावा, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरं चालू बल्बच्या होल्डरच्या बॉडीला लावा (पॉझिटिव्ह अर्थ असेल तर धन खांब). ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. स्मिथ्सच्या मीटरमध्ये बल्बचा अर्थ केस, केसवरून पकडपट्टी आणि तिच्या नटावरून लाकडी किंवा रंगवलेल्या डॅशबोर्डला, असा भरवशावरचा प्रवास करतो. एक चौरस मिमीची काळी वायर एका मीटरच्या नटावरून दुसऱ्याच्या नटावर अशी साखळी करून बॉडीच्या स्वच्छ बोल्टला नेली की निम्म्या तक्रारी मिटतात.

मग धन बाजू. ब्रिटिश रंगसंकेतात मीटरच्या दिव्यांची वायर लाल-पांढरी, साइड लॅम्पची लाल, घड्याळाची जांभळी कारण ती फ्यूजमधून कायम चालू. जर्मन गाडीत टर्मिनलवर आकडे असतात: ५८ दिव्यांचा, ५८डी डिमरनंतरचा, ३० कायम चालू, ३१ अर्थ. डिमरच्या अलीकडे आणि पलीकडे मोजा. पूर्ण उजेडावर ठेवूनही फरक अर्ध्या व्होल्टहून जास्त असेल तर रिओस्टॅटची (डिमरमधल्या बदलत्या रेझिस्टरची) तार आणि सरकता पत्रा साफ करा. बारीक पेपर, मग अल्कोहोल.

छापील सर्किट असलेल्या क्लस्टरमध्ये तांब्यावर पांढरट-हिरवा थर येतो. पेन्सिलचं खोडरबर त्याला पुरतं. काचपेपर लावला तर तो पातळ तांब्याचा थरच उडतो.

आतला रंग मात्र सगळे विसरतात. केस आतून पांढरी असते, कधी निळी-हिरवी, आणि पन्नास वर्षांत ती चहाच्या रंगाची होते. मॅट पांढऱ्या ॲक्रिलिकचे दोन पातळ हात द्या. आणि घाई करू नका: दोन दिवस उघडी ठेवून मगच काच बसवा, नाहीतर रंगाच्या वाफेने काचेवर आतून धुकं येतं.

जुनाट_गिअर
जास्त वॉटचा बल्ब टाकला तर?

गंजलेला_बोल्ट
नको. २.२ वॉटच्या जागी ४ किंवा ५ वॉट घातले की प्लास्टिकचा हिरवा टोपा वाकतो, काट्याजवळची तबकडी पिवळी पडते आणि होल्डर वितळून चिकटतो. उष्णतेला जायला जागाच नसते.

ओहमकार
एलईडी घालायचेच तर हे बघून घाला.

कॅप, म्हणजे बल्बचं बूड, ओळखा. स्मिथ्सच्या ब्रिटिश मीटरांत ई१० आट्यांचा २.२ वॉट, ब्रिटिश कंपनी लुकासचा नंबर ९८७. काही ठिकाणी फिरवून अडकणारा बीए७एस २ वॉट, म्हणजे २८१. बीए९एस ४ वॉट म्हणजे २३३. अमेरिकन गाड्यांत काचेच्या पाचरीचा १९४, किंवा बीए९एस वाले ५७ आणि १८९५.

आकार. तंतूचा बल्ब चहूकडे प्रकाश फेकतो आणि मीटरची रचना त्याच हिशेबाने असते. फक्त समोर चिप असलेला एलईडी घातला की मधे एक झगझगीत ठिपका आणि कडेला अंधार. चार बाजूंनी चिप असलेला किंवा दुधी टोपीचा घ्या. लांबी जुन्या बल्बशी ताडून पाहा, बीए९एसचे काही एलईडी इतके लांब असतात की काट्याला टेकतात.

रंग. हिरवा किंवा निळा फिल्टर नवीन रंग तयार करत नाही, तो नको असलेला रंग अडवतो. जुना बल्ब साधारण २७०० केल्विनचा पिवळसर. तीच जुनी पुदिनी छटा हवी असेल तर २७०० ते ३००० केल्विनचाच एलईडी. ६००० वाला घातला की मीटर मोबाइलच्या दुकानासारखा दिसतो, हे माझं मत. लाल एलईडी हिरव्या फिल्टरमागे जवळपास अंधारच देतो. हाय बीमच्या निळ्या खुणेला मात्र थंड पांढरा किंवा निळाच घाला, पिवळसर एलईडी तिथे हिरवट दिसतो.

डिमर. इथे गणित आहे. २.२ वॉटचे सहा बल्ब म्हणजे १२ व्होल्टला १.१ अँपिअर. १० ओहमचा रिओस्टॅट त्यांचं व्होल्टेज निम्म्याच्याही खाली आणतो. सहा एलईडी प्रत्येकी २० मिलिअँपचे धरले तर १२० मिलिअँप, आणि त्याच १० ओहमवर फक्त १.२ व्होल्ट पडतात. म्हणजे नॉब फिरवा की फिरवू नका, फरक दिसणार नाही. उपाय पीडब्ल्यूएम (करंट झपाझप चालू-बंद करणारा) डिमर, निदान दोनशे हर्ट्झचा, नाहीतर मान वळवताना काटे लुकलुकतात. पण साधे स्वस्त डिमर ऋण बाजू चालू-बंद करतात. तुमचे होल्डर बॉडीला ऋण जोडलेले असतात, त्यामुळे ते काहीच मंद करू शकत नाहीत. धन बाजू चालू-बंद करणारा घ्या. गंमत म्हणजे पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत तोच स्वस्त डिमर नेमका बसतो, फक्त त्याची पेटी बॉडीपासून इन्सुलेट करा.

आणि आत करंट नियंत्रक असलेले एलईडी मंद होत नाहीत, ते एकदम विझतात. साधा रेझिस्टरवाला एलईडी घ्या.

मंद_दिवा
मग सगळेच बल्ब बदलून टाकतो.

ओहमकार
बॅटरी चार्जचा लाल दिवा सोडून! अल्टरनेटरवाल्या गाडीत त्याच बल्बमधून फील्डला (अल्टरनेटरमधल्या चुंबकाच्या कॉइलला) सुरुवातीचा करंट जातो. १२ व्होल्ट २.२ वॉट म्हणजे पेटल्यावर साधारण ६५ ओहम, १८० मिलिअँप. तिथे एलईडी बसवला की इंजिन सुरू होतं पण अल्टरनेटर जागाच होत नाही. ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर केव्हातरी चार्जिंग सुरू होतं. एलईडी हवाच असेल तर त्याला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा आणि तो प्लास्टिकपासून दूर ठेवा, तो तापतो. बल्बच ठेवणं जास्त शहाणपणाचं.

इंडिकेटरची एकच खूण असलेल्या गाड्यांत तो बल्ब डाव्या आणि उजव्या वायरींच्या मधोमध असतो. एका बाजूला करंट एका दिशेने, दुसऱ्या बाजूला उलट. साधा एलईडी एकाच बाजूला लुकलुकेल. दोन्ही दिशांना चालणारा लागतो.

पितळी_चाक
दोन धोके कुणी लिहिले नाहीत म्हणून.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या काही घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा रंग असतो. तो आता चमकत नाही, कारण त्यातला चमकणारा पदार्थ संपलाय. रेडियम संपलेलं नाही, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं आहे. खरवडणं, फुंकर मारणं, ब्रश करणं यातलं काहीही नको. गायगर काउंटरने तपासल्याशिवाय केस उघडू नका.

दुसरं, १९६० च्या क्रायस्लर आणि इम्पीरियलमध्ये मीटरला बल्बच नाहीत. तिथे इलेक्ट्रोल्युमिनेसंट पत्रे आहेत आणि त्यांना एका पॉवर पॅकमधून सुमारे २०० व्होल्ट एसी मिळतं. दिवे चालू असताना तिथे बोट घालायचं नाही.

जुनाट_गिअर
एक शेवटचं. ६ व्होल्टची गाडी १२ वर नेलीय, घड्याळ ६ व्होल्टचं. रेझिस्टर लावून चालेल?

ओहमकार
चावी भरणाऱ्या घड्याळाला नाही. तिथे करंट सतत नसतो. झटक्याच्या क्षणी तो काही अँपिअर असू शकतो आणि नेमक्या त्याच क्षणी रेझिस्टर सगळं व्होल्टेज खातो. मग आर्मेचर हलत नाही आणि पॉइंट टेकलेलेच. कॉइलचा ओहम मोजा, ६ ला त्याने भागा. उत्तर एक अँपिअरच्या आत असेल तर ७८०६ हा ६ व्होल्टचा रेग्युलेटर चालेल, तीनच्या आत असेल तर ६ व्होल्टला जुळवलेला एलएम३५०. रेग्युलेटर स्वतः काही मिलिअँप खातो. ८ धरले तर महिन्याला जवळजवळ ६ अँपिअर-अवर, तेव्हा गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर घड्याळाचा फ्यूज काढून ठेवा. बॅटरी उतरत गेली की पुन्हा तेच: पॉइंट टेकलेले राहतात, डाख सुटतो.

जुनाट_गिअर
कॉइल ४ ओहम निघाली, म्हणजे दीड अँपिअर. एलएम३५० घेतो.

टिकटिक
बरोबर. त्याला ॲल्युमिनियमचा लहान तुकडा लावा आणि मधे अभ्रकाचा पत्रा ठेवून बॉडीपासून वेगळा करा, त्याचा टॅब आउटपुटला जोडलेला असतो.